मधली खुर्ची

सासुरवाडीच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर बरोबर मधोमध एक खुर्ची होती आणि त्या खुर्चीत थोरले बसत. तसा काही ठराव झालेला नव्हता. पण थोरले दारातून आत आले की खुर्चीत जो कुणी असेल तो उठायचा. खुद्द सासरेसुद्धा पेपरची घडी करून सोफ्यावर सरकायचे. थोरले म्हणजे या घरचे थोरले जावई. त्यांना नाव होतं, पण ते लग्नपत्रिकेनंतर या घरात कुणी वापरलं नाही.

खुर्चीवरचा हा हक्क त्यांना कानांमुळे मिळालेला. थोरले एका मोठ्या सभागृहात साउंड बघत. भाषण असो, गाणं असो, नाटक असो, प्रेक्षकांच्या मागच्या काचेच्या खोलीत बसून कुठलं बटण किती वर न्यायचं ते नुसत्या कानाने ठरवत. माईकवरचा माणूस शिंकायच्या आधी यांचा हात त्याच्या बटणावर गेलेला असतो, असं तिथले लोक म्हणायचे. थोरले त्यावर 'छे हो, काहीतरीच' म्हणत, आणि घरी येऊन ते वाक्य जसंच्या तसं बायकोला सांगत.

सासरे निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने होम थिएटर घेतलं. समोर तीन स्पीकर, पाठीमागे दोन आणि कोपऱ्यात वूफरचा ठोकळा. वायरी थोरल्यांनी ओढल्या, खिळे थोरल्यांनी ठोकले आणि आवाजही थोरल्यांनीच लावला. आवाज लावणं हा एक सोहळाच असायचा. या यंत्रात एक सोय असते. नळ सोडल्यासारखी सळसळ एकेका स्पीकरमधून फिरत जाते आणि मधल्या खुर्चीत बसलेल्याला ती सगळीकडून सारखीच ऐकू यायला हवी. कमी वाटेल तो स्पीकर रिमोटने वाढवायचा, जास्त वाटेल तो उतरवायचा. थोरले डोळे मिटून खुर्चीत बसायचे, रिमोट बायकोच्या हातात. "वाढव. अजून. अजून थोडा. बस!" तेवढा वेळ सासूबाई स्वयंपाकघरात भांड्याला भांडं लागू देत नसत. बायको आपल्याकडेच बघते आहे हे थोरल्यांना मिटल्या डोळ्यांनी कळायचं, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या खटाटोपातला तो भाग त्यांना सगळ्यात आवडायचा. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी काही कारण नसताना ते आवाज पुन्हा लावत. कुणी विचारलंच तर 'हवा बदलली की फरक पडतो' म्हणत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना धाकटीचं लग्न झालं आणि घरात धाकटे आले.

धाकट्यांमध्ये वाईट असं काही नव्हतं, हीच मोठी अडचण होती. चहा झाला की स्वतःचा कप स्वतः विसळायचे. सासूबाईंची औषधं न सांगता आणायचे. सासऱ्यांचे तेच ते किस्से पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकायचे. थोरल्यांना यातलं प्रत्येक काम डोळ्यात खुपायचं. "फार गोड बोलतो," ते घरी परतताना बायकोला म्हणायचे. "इतकं गोड बोलणाऱ्या माणसाचं काहीतरी असतं."

"काय असतं?" बायको विचारायची.

"ते कळेलच." पण कळत काही नव्हतं.

त्यात धाकट्यांची नोकरी! कारखान्या-कारखान्यांतून फिरायचं, यंत्रांचा आवाज मोजायचा आणि जास्त भरला की मालकाला कळवायचं. म्हणजे नोकरी कसली, तर गोंगाट मोजायची. थोरल्यांना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसूच आलं होतं. सासऱ्यांना मात्र आलं नाही. त्यांनी जन्मभर जमिनींची मोजणी केलेली. मोजणारा माणूस दिसला की त्यांना आपल्या गोत्रातला भेटल्यासारखं व्हायचं. दोघं तासन् तास मोजमापाच्या गप्पा मारत, आणि थोरले शेजारी आपल्या खुर्चीत रिमोट उघडून त्याचे सेल उगाचच काढून परत घालत.

पण खरं ठसठसायचं ते वेगळंच होतं. रविवारी सगळे मिळून सिनेमा बघत. सोफा खुर्चीच्या दोन्ही बाजूंना लावलेला. उजवीकडे धाकटे आणि धाकटी. सिनेमा जरा रंगला की धाकटी नवऱ्याच्या कानाशी लागायची, काहीतरी पुटपुटायची आणि मग दोघं खांदे हलवत हसायची. पडद्यावर एखादा मरत असला तरी यांचं हसू थांबायचं नाही. थोरल्यांची बायको खुर्चीला लागूनच डावीकडे बसायची, आणि ती सिनेमा संपेपर्यंत एक अक्षर बोलायची नाही.

ती अशी नव्हती. शिवणकाम तिचा धंदा, त्यामुळे तिला गोष्ट दिसायच्या आधी कपडे दिसायचे. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती सभागृहात त्यांच्या काचेच्या खोलीत यायची. डावीकडे वायरींचा पसारा, म्हणून तिचं स्टूल त्यांच्या उजव्या बाजूला. नाटक ऐन भरात आलेलं असताना ती कानात सांगायची, "राजाची एक बाही आखूड आहे." मग थोरल्यांना राजा दिसायचाच बंद व्हायचा, नुसती बाही दिसायची. एकदा हसण्याच्या नादात त्यांनी विजांचा कडकडाट इतका उशिरा सोडला की नटाला वर बघत ताटकळावं लागलं होतं. त्याबद्दल त्यांनी शिव्या खाल्ल्या होत्या, आणि त्या शिव्यांचाही त्यांना अभिमान होता. आता ती गप्प असायची. संसार जुना झाला की माणसं अशीच होतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. पण शेजारून ते दबलेलं हसू आलं की समजूत पार विरघळून जायची.

एका रविवारी सासूबाईंनी तोंड उघडलं. त्या डाव्या कोपऱ्यात निवडणं-टिपणं घेऊन बसत. "या बाजूने जरा जास्तच आदळतं का रे?"

प्रश्न हवेत विचारला होता, पण उत्तर धाकट्यांनी दिलं. "हो आई, मलाही डावीकडून चढं वाटतं. पुढच्या वेळी मीटर घेऊन येतो. बघून टाकू."

थोरल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पंधरा लोकांच्या वाद्यवृंदाचा मेळ बसवणाऱ्या माणसाचं काम आता कारखान्यातलं मीटर तपासणार होतं! ते वरवर म्हणाले, "आणा की. खेळणं आहे, बघू." आणि त्या आठवड्यात त्यांनी सभागृहाच्या व्यवस्थापकालाही झापलं. डावीकडच्या रांगांमधून तक्रारी येतात म्हणून तो बिचारा सांगायला आला होता. "त्या बाजूचे लोक तक्रारखोरच असतात," थोरले म्हणाले आणि काचेचं दार लावून घेतलं.

रविवारी मीटर आलं. हाताच्या पंजाएवढं, डोक्यावर स्पंजचा गोळा. धाकट्यांनी ते तीन पायांच्या स्टँडवर चढवलं आणि "दादा, जरा..." म्हणाले. थोरल्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं की त्यांनी खुर्चीतून उठायचं आहे. ते उठले. त्यांच्या जागी, बरोबर त्यांच्या कानाच्या उंचीला मीटर बसलं, तोंड छताकडे करून, ऐटीत. इतकी वर्षं या खोलीत थोरले कधी उभे राहिले नव्हते. दाराला टेकून उभे राहायची पाळी आली, तेव्हा हाताचं काय करावं तेही त्यांना कळेना.

"कुणी बोलू नका हं," सासऱ्यांनी बजावलं. सासूबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. सळसळ सुरू झाली. मधला स्पीकर पंच्याहत्तर डेसिबल. उजवा पंच्याहत्तर. डावा एक्क्याऐंशी.

"सहाने चढा!" सासरे जवळजवळ ओरडलेच. हद्दीचा दगड सरकवणारा शेजारी सापडावा तसा आनंद त्यांना झाला होता. मागच्या दोघांतही डावा तसाच चढा निघाला. धाकट्यांनी रिमोटने दोन्ही डावे खाली आणले, पाचही जण पंच्याहत्तरावर बसवले आणि एक सिनेमा लावून दाखवला.

"खरंच हो," थोरल्यांची बायको म्हणाली, "आता कसं पडद्यातनंच बोलतायत असं वाटतं."

बाकी कुणीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. सासऱ्यांनी म्हटलं असतं, शेजाऱ्यांनी म्हटलं असतं. पण 'खरंच हो' तिनं म्हणावं, आणि ते धाकट्यांकडे बघत म्हणावं? थोरल्यांना त्या क्षणी मीटर खिडकीतून भिरकावून द्यावंसं वाटलं.

"डावा स्पीकर मेलाय," ते खुर्चीत परत बसत म्हणाले. "मला तर ऐकूच येत नाही."

"अहो, आकडा बघा ना समोर," सासरे म्हणाले.

"आकड्याला काय कळतं आवाजातलं?"

धाकटे गोंधळले. "मीटरही चुकू शकतं, दादा. पुन्हा बघतो." त्यांनी पुन्हा बघितलं. मीटर चुकलं नव्हतं.

त्यानंतर थोरल्यांनी जे केलं ते त्यांच्या वयाच्या माणसाला शोभणारं नव्हतं. आठवड्याच्या मधेच, पंखा कुरकुरतो म्हणाला होतात ना, असं काहीतरी निमित्त काढून ते सासुरवाडीला गेले. दुपार होती. दोघं म्हातारे आत आडवे झालेले. थोरल्यांनी दार लोटलं, आवाज बारीक ठेवून सळसळ सुरू केली, खुर्चीत बसून डोळे मिटले आणि सगळे स्पीकर पहिल्यापासून, आपल्या कानाने, आपल्याला पटेपर्यंत लावले. मग पंख्याकडे ढुंकूनही न बघता घरी आले. त्या संध्याकाळी ते शीळ घालत होते.

रविवारी धाकट्यांनी सवयीने मीटर लावलं. डावा एक्क्याऐंशी.

"कुणी हात लावला याला?" सासऱ्यांनी विचारलं.

"मधे थोरले आले होते बाई," सासूबाई म्हणाल्या. "पंखा बघायला." आणि पंखा वरून कुरकुरला.

थोरल्यांचे कान तापले. बायको त्यांच्याकडे बघत होती आणि या वेळचं ते बघणं त्यांना मुळीच आवडलं नाही. तेवढ्यात धाकटे म्हणाले, "नाही नाही, माझीच चूक. मागच्या वेळी मी बदल साठवायला विसरलो असणार. यंत्र बंद झालं की जुनं लावलेलं परत येतं." त्यांनी खाली मान घालून पुन्हा सगळं लावलं. मग आकड्याकडे बघत स्वतःशीच पुटपुटले, "पण सहाच्या सहा..." आणि जाताना मीटर न नेता स्टँडसकट कोपऱ्यात ठेवून गेले. "राहू दे इथे. दादांना बघायचं असलं तर बघतील."

दादांना काय वाटलं असेल? ज्याचा हेवा करायचा त्यानेच आपली अब्रू झाकावी, यासारखा जाच नाही. थोरले रात्रभर कूस बदलत राहिले. आता एकच वाट उरली होती. मीटर खोटं आहे हे सिद्ध करायचं, तेही मीटरच्याच तोंडून.

दुसऱ्याच दिवशी दुपारी ते पुन्हा गेले. या खेपेला पंख्यात तेल आधी घातलं. मग खुर्ची रिकामी करून मीटर ठेवलं, पाचही स्पीकर पंच्याहत्तरावर आहेत याची खात्री केली, मीटर बाजूला केलं आणि स्वतः बसले. डावा अगदी मलूल. 'बघ,' ते मीटरला मनातल्या मनात म्हणाले. आणि मग त्यांना ती युक्ती सुचली. सभागृहात एखादा स्पीकर बिघडलाय की नाही ते बघायला ते हेच करायचे. आपण फिरायचं. बिघाड स्पीकरमध्ये असेल तर आपण कुठेही तोंड केलं तरी तोच स्पीकर मलूल लागणार. सुटणार कुठे?

त्यांनी खुर्ची उचलून उलटी फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून बसले. डोळे मिटले.

मेलेला स्पीकर आता उजव्या हाताला होता. सळसळ त्याच्यात आली आणि तो खणखणीत वाजला. थोरल्यांनी श्वास रोखला. सळसळ पुढे सरकली, ज्याच्याबद्दल कुणाचीच कधी तक्रार नव्हती त्या उजव्या स्पीकरमध्ये गेली. तो आता डाव्या हाताला होता. तो मेला होता.

त्यांनी खुर्ची सरळ केली, पुन्हा ऐकलं. उलटी केली, पुन्हा ऐकलं. बिघाड त्यांच्याबरोबर फिरत होता.

"थोरले," दारातून सासऱ्यांचा झोपाळलेला आवाज आला, "टीव्ही तिकडे आहे."

"हो," थोरले म्हणाले. पण ते उठले नाहीत. सासरे थोडा वेळ उभे राहिले, जावयाची पाठ टीव्हीकडे का आहे हे विचारावं की नाही ते त्यांना ठरवता येईना, आणि ते चहाचं बघायला आत गेले.

थोरले भिंतीकडे बघत बसले. भीती वाटली, हे सांगायलाच हवं. ज्यावर सगळं आयुष्य उभं होतं त्याचाच एक खांब आतून पोकळ झालेला. सभागृहातल्या डाव्या रांगांमधले ते तक्रारखोर लोक आठवले. फोन आला की आपण तो न चुकता उजव्या कानाला लावतो ते आठवलं. दुपारी सगळे स्पीकर पहिल्यापासून लावूनसुद्धा फरक सहाच्या सहा कसा आला तेही उमगलं. लावणारा कान तोच होता. धाकट्यांनी ते तिथल्या तिथे ओळखलं होतं. ओळखलं आणि चूक स्वतःच्या अंगावर घेतली. असल्या माणसाचा आता हेवासुद्धा नीट करता येणार नव्हता, आणि थोरल्यांना त्याचाही राग आला.

मग त्यांची नजर सोफ्याकडे गेली. खुर्चीला लागून, डावीकडे. बायकोच्या जागेवर उशी दबून खड्डा पडला होता.

ती तिथे बसते, हे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं.

घरी गेल्यावर ती मशीनवर बसली होती. तोंडात टाचण्या. थोरल्यांनी तिच्यासमोर उभं राहून विचारलं, "सिनेमा बघताना तू मला काही सांगतेस का?"

तिनं टाचण्या काढून हातात घेतल्या. "सांगायचे."

"मग?"

"मग काय! तुम्ही हूं नाही की चूं नाही. दोन-तीनदा सांगून बघितलं, तुम्ही आपले पडद्याकडे. म्हटलं, यांना आता बायकोच्या बडबडीचा कंटाळा आला असेल. मोठे माणूस झालात." हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की तिनं ते कितीदा मनात घोळवलं असेल ते थोरल्यांना कळलं. "म्हणून सोडून दिलं. धाकटीचं हसणं ऐकलं की मला मेली तिची असूया वाटते, खोटं कशाला बोलू?"

थोरले खाली बसले. असूया म्हणजे आपली एकट्याची मालमत्ता, असं ते समजून चालले होते. ते तिला सगळं सांगू लागले, आणि सांगता सांगता आपसूक उठून तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.

रविवारी पोचल्याबरोबर त्यांनी धाकट्यांना गॅलरीत गाठलं. "तुमच्या कारखान्यातल्या लोकांचे कान तपासतात ते डॉक्टर कोण?"

धाकट्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. "चांगले आहेत. मी येतो बरोबर. कान कधी मळाने नुसता तुंबलेलाही असतो, दादा. नसला तुंबलेला तर कानाला यंत्र लावतात. कारखान्यातली माणसं ते लावून कामं करतात."

"मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

थोरल्यांनी त्यावर विचार केला. "नसतं ऐकलं," ते म्हणाले. आणि धाकट्यांना हसू दाबणं जमेना म्हणून तेच आधी हसले. सभागृहात उद्यापासून आपल्याबरोबर हे मीटर न्यायचं, असं ते म्हणाले. म्हणणं सोपं नव्हतं, पण म्हणाले.

आत सगळे जमले होते. थोरले आलेले बघून मधली खुर्ची रिकामी झाली. थोरले खुर्चीपर्यंत आले, तिच्या हातावरून बोटं फिरवली, आणि पुढे गेले. सोफ्यावरच्या बायकोच्या पलीकडे, भिंतीला लागून, सासूबाईंचं एक बुटकं स्टूल होतं. डाव्या स्पीकरच्या अगदी पोटाखाली. त्यांनी ते ओढून बायकोच्या जवळ घेतलं आणि त्यावर बसले. गुडघे हनुवटीला आले.

"अहो थोरले, तिथे काय बसताय?" सासरे म्हणाले. "ती सगळ्यात वाईट जागा आहे. तिथून काही नीट ऐकू यायचं नाही."

"धाकटे, तुम्ही बसा खुर्चीत," थोरले म्हणाले. हे म्हणताना त्यांना अजूनही बारीकसं खुपलंच. स्वभाव आहे, एका आठवड्यात कुठे जाणार!

सिनेमा सुरू झाला. गोष्ट दुःखाची होती. नायकाचा बाप अंथरुणावर पडलेला, नायक उशाशी, खोलीत सगळे डोळे पुसायच्या बेतात. बायको थोरल्यांच्या उजव्या कानाकडे झुकली. नक्की सांगावं की नाही अशी क्षणभर थांबली. तिचा श्वास त्यांना ऐकू आला.

"मघाशी याच्या शर्टाला कॉलर होती," ती कुजबुजली. "रडता रडता गेली."

थोरले इतक्या मोठ्यांदा हसले की सासऱ्यांनी सिनेमा थांबवला.